हत्तीडोहाचा तळ

ता. १९ एप्रिल १९६४, रविवार

दोन पेट्या आल्या! मत्स्यखात्याचे साहेब जीपमधून स्वतः घेऊन आले. एक ट्रान्झिस्टर रेडिओ, चामड्याच्या पिशवीतला. दुसरी राखाडी लोखंडी पेटी, ट्रंकेएवढी. तिला म्हणे पाण्याची खोली कळते. आमच्या मच्छीमार सोसायटीच्या नव्या नावेवर दोन्ही वापरून पाहायच्या. मग एक ठेवायची, एक परत. कोणती ते सभेत ठरवा, म्हणाले.

सगळ्यांचा जीव रेडिओवर. श्रावण — आमच्यात सगळ्यात खोल बुडी मारणारा — त्यानं तर तो कानालाच लावला. "साहेब, पुराची खबर देते का हे?" नागपूरहून हवामान सांगतात, असं साहेब म्हणाले. झालं! ठरल्यासारखंच.

मी कोपऱ्यात सभेचं बुक लिहीत होते. गुरुजींची बदली झाल्यापासून मीच लिहिते, सातवी शिकलेलं दुसरं कोणी नाही. न विचारता तोंडातून गेलं — "तळाले काही पडेल असन, त दिसते का त्या पेटीत?"

"मासे दिसतात. खडक दिसतो. काही उंचवटा असला तर उमटतो."

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. माझे सासरे, मारोतराव. सोसायटीचे अध्यक्ष तेच. विडी विझली होती, तरी ओढत राहिले.


२० एप्रिल

आज पुन्हा. भर दुपारी. अंगणात खाकरण्याचा आवाज, ह्यांचाच. जेवायला बसण्याआधी हे असेच खाकरायचे. तांब्या घेऊन दारात गेले. कोणी नाही, नुसतं ऊन. तांब्या पायरीवर ठेवून आत आले. संध्याकाळी पाहिला तर रिकामा!

कुत्रं प्यालं असेल. कुत्रंच असेल.


२२ एप्रिल

एकदा लिहूनच काढते. डोक्यात फार झालं.

येत्या भाद्रपदात दोन वर्षं होतील. पैनगंगा दोन्ही काठ भरून चालली होती. हे पहाटेच डोंगा घेऊन गेले, जाळं काढून आणतो म्हणून. मामाजी मागोमाग गेले. दिवस वर आला तेव्हा मामाजी एकटेच परत आले, चिंब भिजलेले, दातावर दात वाजत होते. "डोंगा पलटला, पोरी. माह्या डोळ्यादेखत." तीन दिवस लोकांनी नदी शोधली, पार खालच्या गावांपर्यंत. ना हे, ना डोंगा. हत्तीडोहात गेले, मामाजी म्हणाले. तिथे गेलेला माणूस वर येत नाही, असं गावात सगळेच म्हणतात.

आमच्या भोयांत विधवेचा पाट लागतो, दुसरं लग्न होतं. मामाजी दोनदा स्थळ घेऊन आले. दुसरा माणूस चांगला होता, वणीकडचा, बायको गेलेली. मी दोन्ही वेळा नाही म्हटलं. म्हटलं, त्यांचं एक हाड दाखवा, मग बोला. मामाजी उठून गोठ्यात गेले आणि कितीतरी वेळ बाहेर आले नाहीत.

रोज नदीवर पाणी भरते. रोज वाटतं, घागर बुडवली की कोणीतरी खालून धरेल.


२६ एप्रिल, रविवार

सभा. रेडिओच्या बाजूनं अकरा, पेटीच्या बाजूनं मी एकटी. तरी हात वर केला.

म्हटलं, "रेडिओ आठ दिवस वाजवला. पेटी पान्यात उतरवलीच नाई. साहेब विचारतीन तवा बुकात काय लिहू? न पाहताच वापस केली?"

शेजारची सुखीबाई फटकळ, पण वाईट नाही. "नलू, खरं सांग. तुले मासे पाह्याचे हायेत का देवराव पाह्याचा हाये?"

ह्यांचं नाव घेतलं तिनं, भर सभेत.

"दोन्ही," मी म्हटलं.

मामाजी म्हणाले, "हत्तीडोहात नको. वरच्या धारेत पाहा काय पाह्याचं ते."

श्रावण हसला. "मामा, धारेत कमरेइतकं पानी हाये. तिथं बांबूनंबी मोजता येते!" सगळे हसले. मामाजी नाही हसले. मग तेच म्हणाले, "करा मंग. करा तुमच्या मनाचं." आणि सभा संपायच्या आधीच निघून गेले.


२९ एप्रिल

यवतमाळहून मशीनवाला येणार आहे उद्या. जेवण गेलं नाही. मामाजींनाही गेलं नाही. दोघं एकमेकांसमोर ताट घेऊन बसलो होतो.


३० एप्रिल, गुरुवार

पाहिलं.

सकाळी आठला नाव डोहात घातली. मशीनवाला, श्रावण, अजून दोघं. बाई नावेत नको, असं कोणीतरी म्हणालं. बुक मला लिहायचं आहे, म्हटलं, आणि चढले. ट्रकमध्ये असते तशी बॅटरी. पेटीतून एक जाड वायर, तिच्या टोकाला पितळेचा गोळा. तो काठीला बांधून नावेच्या कडेनं पाण्यात सोडला. पेटीचं झाकण उघडलं — आत कागदाची गुंडाळी हळूहळू सरकते आणि एक सुई सारखी फिरते, टिक् टिक्, दर फेरीला कागद जरासा जाळते. केस जळल्यासारखा वास. त्या जळक्या रेघेत डोहाचा तळ! खाली उतरत गेलेली रेघ. पाच पुरुष खोल. मध्ये बारीक बारीक ठिपके. "हे मासे," मशीनवाला म्हणाला. श्रावणनं तोंडात बोट घातलं.

दक्षिणेकडच्या काळ्या खडकापाशी रेघ एकदम उचलली गेली. लांबट उंचवटा. पुन्हा खाली. मशीनवाल्यानं नाव वळवायला लावली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच.

"खडक नाही," तो म्हणाला. "फार सरळ आहे."

मी कागदाला हात लावला. गरम होता.

काठाकडे पाहिलं. मामाजी चिंचेखाली उभे होते. चपला हातात घेऊन. कशाला कोण जाणे.


१ मे

श्रावणनं चार बुड्या मारल्या. तिसरीनंतर नाकातून रक्त आलं, तरी ऐकेना. चौथ्या वेळी वर आला आणि नावेची कड धरून नुसता श्वास घेत राहिला. माझ्याकडे बघेना.

"डोंगा हाये," म्हणाला. "देवरावचाच. पन गोट्यायनं भरेल हाये, वयनी. काठोकाठ."

दोर बांधून, गोटे थोडे थोडे काढून, दुपारपर्यंत डोंगा काठाशी ओढला. सगळं गाव जमलं होतं. आत माणूस नव्हता. हाड नव्हतं. उरलेले नदीतले चपटे गोटे होते, एकावर एक नीट बसवलेले, बांध घालताना बसवतात तसे. वल्हं दोरीनं आत बांधलेलं. बुडाला भोक पाडलेलं — सुताराच्या गिरमिटानं, गोल.

पलटलेल्या डोंग्यात गोटे कोण रचतं?

सगळे वळून मामाजींकडे पाहू लागले. ते खाली बसले. चिखलातच.


३ मे, रविवार

पोलीसपाटील आले. मामाजी एक शब्द बोलले नाहीत. पाटील म्हणाले, "मारोतराव, आठ दिवस देतो. तवरिक काय ते सांगा. नाईतर मले ठाण्यावर खबर द्या लागन."

बाया पाणवठ्यावर माझ्यासाठी जागा सोडतात आता. बापानंच पोराला... पुढचं पुटपुटतात. वावराच्या हिश्शावरून बापलेकांचं त्या वर्षी भांडण झालं होतं. ते मलाही आठवतं आहे. नको असताना आठवतं आहे.


४ मे

ह्याच हातांनी मामाजींनी मला आजारपणात पेज पाजली होती. आज त्यांनी चुलीत लाकूड सारलं आणि मी चुलीपासून मागे सरकले. त्यांनी आणलेले मासे मी शिजवले नाहीत. पाटीतच राहिले.

दुपारी खाकरण्याचा आवाज आला. ह्या वेळी मी उठले नाही. भीती वाटली. ह्यांची नाही — हे काय सांगतील त्याची.


५ मे, मंगळवार

सकाळी विचारलं. तोंडावर. ते जाळं विणत बसले होते.

"मामाजी, तुमी मारलं का त्यायले?"

जाळं खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं, आणि रडू लागले. असे रडताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, ह्यांच्या तेराव्यालासुद्धा नाही.

"जित्ता हाये, नलू. जित्ता हाये तो!"

त्या पहाटे हे बुडायला गेले नव्हते. पैलतीरावर एक बाई थांबली होती. आदिलाबादकडची, तिकडच्या बाजारात ओळख झालेली. तिच्यासोबत कागजनगरला जायचं होतं. मामाजींनी पाय धरले पोराचे, बापानं! ऐकलं नाही. पुरात एकटा जाऊन मरेल म्हणून बापानंच पैलतीराला सोडलं. एकटे डोंगा वल्हवत परत आले. आणि मग गोटे भरले.

"काहून पन? काहून, मामाजी?"

"मंग काय सांगू तुले? टाकून देल्ली मनून? टाकेल बाईले कोन पुसते, पोरी? माय-बाप नाईत तुले. मी आज हाओ, उद्या नाई. म्या म्हटलं, रांड झाली त पाट लागन, घर मिळन, लेकरूबाळ होईन. वर्षभरात विसरशीन म्हटलं." नाक पुसलं. "तू त त्याच्या हाडाची वाट पाहत बसली."

"पाटलाले काहून नाई सांगितलं?"

"मंग तू काय झाली असती?"

म्हणजे खुनी म्हणून तुरुंगात गेले असते. मला टाकलेली म्हणू नये म्हणून.

त्यांनी कणगीमागून दोन पत्रं काढली. फोडलेली नव्हती. मामाजींना वाचता येत नाही. पोस्टमननं कागजनगरचं आहे एवढं सांगितलं होतं. गावात वाचणारी मी एकटी!

मीच फोडली. मीच वाचून दाखवली, मोठ्यानं. अक्षर दुसऱ्या कोणाचं, बोलणं ह्यांचं. पहिल्यात — पोचलो, कागदाच्या कारखान्यात काम लागलं. दुसऱ्यात — मुलगी झाली, नलूला काय सांगितलं ते कळवा.

नलूला काय सांगितलं ते कळवा.


६ मे

दोन वर्षं मी कोणासाठी तांब्या ठेवत होते?

आजही ठेवला. हात आपोआप गेला.


१० मे, रविवार

सभा झाली. पाटलांकडून मी आठवडा वाढवून घेतला, कागद आणून देते म्हणून. कसला कागद ते सांगितलं नाही.

पेटीबद्दल कोणाला बोलायचं नव्हतं. शेवटी म्हातारे गणपतराव बोलले, "मशीन खोटी नाई. खरं दाखवते. मनूनच नको. हरेक घराचं काही ना काही त्या डोहात हाये." श्रावणची आता पेटी ठेवायची इच्छा होती, ठिपके पाहिल्यापासून. पण तोही गप्प बसला. मामाजी सभेला आलेच नाहीत.

मी बुकात लिहिलं: खोली पाहण्याचे यंत्र वापरून पाहिले. बरोबर चालते. सोसायटीस नको. रेडिओ ठेवावा. पावसाळ्यात पुराची खबर लागते. — खाली माझी सही.

माझाही हात रेडिओसाठी वर होता.


१२ मे

उद्या निघते. वणीपर्यंत एस.टी., पुढे चांदा, चांद्याहून गाडी. सुखीबाई सोबत येते म्हणाली. तिला सगळं सांगितलं. शिव्या घालून घालून थकली, मग म्हणाली, "भाकरी मी बांधते."


१८ मे, सोमवार

भेटला. कारखान्याच्या आवारात बांबू उतरवत होता. मला पाहिलं आणि हातातला बांबू सुटला. चेहरा असा झाला, जसं पाण्यातून मीच वर आले. माझं नाव घेतलं. मी ओ दिली नाही. कागद पुढे केला — जिवंत आहे, माझ्या मर्जीनं गेलो, बापाचा दोष नाही, बायकोला सोडचिठ्ठी. त्याचा अंगठा घेतला, दोन साक्षीदारांचे घेतले. काल तो पाटलांच्या हातात दिला. मामाजी आज नदीवर गेले.

सकाळी सुखीबाई कुंकवाचा करंडा घेऊन आली. "सोडचिठ्ठी असो का काही असो, मानूस जित्ता हाये वो! उघडं कपाळ घेऊन कायले फिरतं? लाव."

करंडा तिच्या हातात परत दिला. म्हटलं, "जित्ता हाये तो मामाजीचा लेक, सुखीबाई. माहा डोहातच हाये."