नाऊनच्या चिठ्ठ्या

प्रिय बाबा,

सुनेनं सासऱ्याला पत्र लिहायचं, तेही तो गेल्यावर, असं आपल्या घरात कधी झालं नसेल. पण काल ओवीनं माझ्यासमोर इंग्रजीची वही मिटली आणि म्हणाली, "मले नाही शिकायचं तुझ्याजवळ. मले भीती वाटते." तिसरीतल्या पोरीला स्वतःच्या आईची भीती! हे तुम्हाला नाही तर कुणाला सांगू?

तुम्ही होतात तेव्हा तिला भीती नव्हती. चौथी शिकलेला माणूस, उभा जन्म महालच्या जुन्या वस्तीत हातमागावर गेला, आणि म्हातारपणी मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये नातीसोबत नाऊन-व्हर्ब शिकायला निघाला! मला तर हसूच आलं होतं.

आठवतं? सुताला लावायचात तशी घट्ट खळ शिजवलीत आणि फ्रिज, कूलर, माठ, भिंत, जिथं दिसेल तिथं चिठ्ठ्या डकवल्यात. नाऊन, नाऊन, नाऊन. एक स्वतःच्या बंडीवरही! व्हर्बची चिठ्ठी कशावर लावणार? मग ओवी उड्या मारायची आणि तुम्ही ओरडायचात, "हे पाय, व्हर्ब उडून राहिलं!" ॲडजेक्टिव्ह आलं तेव्हा तर तुमचंच राज्य. "लुगडं म्हणजे नाऊन. आता ते कसं हाये सांग. लाल? मऊ? जरीचं? झालं तुयं ॲडजेक्टिव्ह!" शाळेत तिचं सगळं बरोबर आलं होतं.

मग तो हळदीकुंकवाचा दिवस. बायका येणार म्हणून मी चिठ्ठ्या खरवडायला बसले. तुमची खळ ती! चिठ्ठीबरोबर भिंतीचा रंगही निघाला. आधीच माझं डोकं तापलेलं, त्यात तुम्ही ओवीचं बोट धरून पुस्तक घेऊन आलात. "वर्षा, हे ॲडव्हर्ब काय असते वं? आम्हा दोघांलेही नाही समजून राहिलं."

उचलली जीभ अन् लावली टाळ्याला! "बाबा, तुम्ही तिला चुकीचं शिकवून ठेवता. तिला ट्यूशन लावणार आहे मी." ओवीसमोर म्हणाले मी हे.

"बरोबर हाये तुयं," तुम्ही म्हणालात आणि चष्मा डबीत ठेवलात. त्यानंतर ती ट्यूशनला गेली की तुम्ही बाल्कनीत एकटेच बसायचात. मी स्वयंपाकघरातून बघायची. एकदा तरी जवळ येऊन बसले असते तर काय बिघडलं असतं माझं? महिनाभरात तापाचं निमित्त झालं आणि तुम्ही गेलात.

पण बाबा, तुम्ही तरी भांडायचं होतंत ना! वांग्याच्या भाजीत तिखट कमी पडलं तर घर डोक्यावर घेणारे तुम्ही, त्या दिवशी काहून गप्प बसलात?

तुम्ही गेल्यावर पंधरा दिवसांत तिनं ट्यूशन सोडली. आता मीच घेऊन बसते. "डेफिनिशन म्हण," मी डोळे मोठे करून सांगते आणि ती चाचरते. काल वही मिटल्यावर ती हळूच म्हणाली, "आजोबा म्हणत, मलेही नाही येत, चाल पाहू. तुले तर सगळंच येते, आई."

कुठलं सगळं, बाबा! उमरेडच्या मराठी शाळेत मी व्याख्या घोकल्या आणि पास झाले. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ॲडव्हर्ब त्या दिवशी मलाही येत नव्हतं. तुम्ही विचारलंत आणि पोरीसमोर माझं पितळ उघडं पडेल म्हणून मी तुमच्यावर खेकसले. तुम्ही चुकीचं शिकवत नव्हतात. हे मी तुमच्या मुलालाही कधी सांगितलेलं नाही. फार लाज वाटते हो.

आज संध्याकाळी ओवीजवळ चटईवर बसणार आहे. मला येत नाही, हे तिला सांगणार आहे. आणि आजोबा बरोबर होते, आई खोटं बोलली होती, हेही. ती रागावेल, रडेल, कदाचित माझ्याशी बोलणारच नाही. वचन देते बाबा, ती कितीही रागावली तरी मी मधूनच उठून जाणार नाही.

तुमची सून,
वर्षा