उभ्याने खाल्लेलं

३ मार्च
डायलिसिस. रिपोर्ट आला. फॉस्फरस ७.८. डॉक्टर म्हणाले, साडेपाचच्या खाली आणा, मगच ऑपरेशन. थोरली बहीण किडनी देतेय, ताई. तिचे सगळे रिपोर्ट एकदम उत्तम. अडलंय माझ्यापाशी. म्हणे मी गोळ्या नीट घेत नाही! चोर सोडून संन्याशाला फाशी.

४ मार्च
निश्चय. प्रत्येक जेवणासोबत गोळी, चावून. खडू खाल्ल्यासारखं वाटतं. नर्सने पुन्हा समजावलं, गोळी अन्नातला फॉस्फरस पोटातच धरून ठेवते, म्हणून खातानाच घ्यायची. चीज, सॉसेज, काळं कोल्ड्रिंक बंद, फॉस्फरस वाढला की अंगाला खाज सुटते म्हणे. कालची पोरगी, मला शिकवते!

७ मार्च
ताई रजा टाकून राहायला आली. भाज्या उकळते, पाणी फेकते. स्वतःही माझ्यासोबत तेच बेचव गिळते. कशाला, विचारलं. म्हणाली, तुला एकट्याला घास कसा उतरेल. भाबडी आहे.

११ मार्च, दुपारी
ताई झोपलेली. फ्रिज उघडला. थोडं चीज, थोडं काळं कोल्ड्रिंक. गोळी घेतली नाही, कारण हे जेवण नव्हेच. जेवण म्हणजे ताट, खुर्ची, बसणं. उभ्याने खाल्लेलं अंगी लागत नाही, आईच म्हणायची.

१५ मार्च
अंगाला भयंकर खाज. ताईने आणलेला साबण. बदलायला लावला.

१८ मार्च
नवा साबणही भिकार. बसून: उकडलेला कोबी, गोळी. उभ्याने: चीज, सॉसेज. जेवणाची एकही गोळी चुकवलेली नाही. आहे का कोणाची टाप!

२४ मार्च
८.६. लॅब फालतू. डॉक्टरांनी विचारलं, घरी खाता तरी काय? मी सरळ सांगितलं, स्वयंपाक ताई बघते. खोटं काय त्यात? त्यांनी तिला सगळ्या पेशंटांसमोर झापलं. रडली. वाईट वाटलं. पण कुणीतरी बोलायलाच हवं होतं. येताना तिने तोलायचा काटा घेतला. आता माझा घासन्‌घास तोलणार म्हणे.

२७ मार्च, दुपारी
फ्रिजपाशी होतो. वळलो तर मागे ताई. कधीची उभी होती कोण जाणे. तोंडात चीज, खुलासा करता येईना. गिळून झाल्यावर जेवण म्हणजे काय ते नीट समजावलं. तिने विचारलं, डॉक्टर मला बोलत होते तेव्हाही हे चालूच होतं का? मी म्हणालो, मुद्दा तो नाही. तिने फ्रिजचं दार लावलं. पटलं असावं.

३१ मार्च
ताईला डॉक्टरांशी एकटीने बोलायचं होतं. बायकांचं काहीतरी असेल. मग मला आत बोलावलं. डॉक्टर म्हणाले, तुमच्या बहिणीची किडनी वैद्यकीय कारणाने घेता येणार नाही, कारण सांगता येत नाही. ताई जमिनीकडे बघत होती. बिचारी! मी मन मोठं केलं. म्हणालो, मनाला लावून घेऊ नकोस, माझा अजिबात राग नाही. तब्येतीची हेळसांड केली की असंच होतं. ती बरं म्हणाली. संध्याकाळी बॅग भरून गेली.

२ एप्रिल
घर शांत. खाज आहेच. ताई फोन उचलत नाही. महिन्यापूर्वी इतकी ठणठणीत असलेल्या बाईत अचानक काय निघालं? उद्या डॉक्टरांना विचारणार. स्पष्ट विचारणार. घाबरतो का काय मी?

३ एप्रिल
डायलिसिस. डॉक्टर खाटेपाशी थांबले. काही विचारायचंय का, म्हणाले.
मी नाही म्हणालो.