दादाच्या जीपच्या रिंगा

११ फेब्रु. १९९६
दादाची जीप शेवटी माझ्या गॅरेजात आणली. नवागामच्या आमच्या गल्लीतून उधन्यापर्यंत दोरीने ओढत. लोक बघत होते. बघू देत.
विषय वहिनीनेच काढला. "साड्यांना टिकल्या लावून दोन पोरं वाढत नाहीत, भाऊजी. गाडी चालू करा, ड्रायव्हर ठेवू." तिचं बरोबर आहे. आई मात्र दारात आडवी. "इंजन कसाले उघाडतस? तो येई तव्हय त्याले काय सांगशी?"
तो येईल म्हणे. दीड वर्ष होत आलं. सुरतेतल्या प्लेगच्या पळापळीत दादाने आईला, वहिनीला, पोरांना गावी सोडलं आणि मला न्यायला परत सुरतेकडे निघाला, तो निघालाच. नवापूरजवळ रस्त्याकडेला नुसती जीप सापडली. चौकीच्या आवारातून ताब्यात मिळाली तोवर तिने एक पावसाळा खाल्ला होता आणि इंजिन जाम. तेव्हापासून घरात एकच गोष्ट चालते : इंजिन बसलं, मिस्त्री शोधायला उतरला, मग त्याचं काहीतरी झालं. मीही सगळ्यांना तेच सांगतो.

१४ फेब्रु.
इंजिनचं वरचं झाकण, हेड, उतरवलं. तीन नंबरचा पिस्टन हलेना, त्यामुळे सगळंच अडकलंय. डिझेल ओतून ठेवलं.
इंजिनवर वाकलो की मागे कोणीतरी उभं आहे असं वाटतं. दादा असाच उभा राहायचा, कमरेवर हात ठेवून. "अजून घट्ट कर." दोनदा वळून पाहिलं. मूर्खपणा.

१६ फेब्रु.
पिस्टन निघाले. त्यांच्याभोवतीच्या रिंगा काढून फडक्यावर मांडल्या.
चालत्या गाडीचं इंजिन तापून बसलं की पिस्टनवर ओरखडे पडतात, रिंगा खोबणीत चिकटतात. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. इथे ओरखडा नाही. रिंगा झिजलेल्या, पण मोकळ्या. फक्त तीन नंबरच्या सिलिंडरात पाणी शिरलेलं, आणि रिंगा जिथे टेकून होत्या तिथे गंजाचं कडं.
म्हणजे जीप उभी राहून जाम झाली. रस्त्यात नाही.
परत पाहिलं. तेच.

१७ फेब्रु.
ब्लॉक कांतिभाईकडे नेला, बोअरिंग मशीनवाले. बोट फिरवून म्हणाले, "सीझ नथी थयुं, भाई. खाली काट छे." म्हणजे तापून बसलेलं नाही, नुसता गंज.
पंप, फिल्टर, पाइप सगळं उघडून बसलो. टाकीत डिझेलही होतं. गाडी बंद पडायला कारणच सापडेना. एखादं तरी सापडावं म्हणून शोधतोय, हे माझं मलाच कळतंय.

२० फेब्रु.
कांतिभाईंचा निरोप, रिंगा कुठल्या साइजच्या ते लवकर सांगा. दोन रस्ते. सिलिंडर हलका घासून आहे त्याच साइजच्या रिंगा टाकायच्या. धूर देईल, तेल पिईल, पण सिलिंडर दादाचाच राहील. नाहीतर चारही सिलिंडर आतून कातून मोठे, म्हणजे बोअर करून वरच्या साइजचे पिस्टन आणि रिंगा. गाडी नव्यासारखी. पण बोअर केलं की ते गंजाचं कडं गेलं, पुरावाच गेला. दुसऱ्या कोणाची जीप असती तर क्षणभर विचार केला नसता.

२२ फेब्रु.
कामात लक्ष नाही. गाडी चालू होती तर उतरला का? मी इथे शटर ओढून, पिशवी भरून वाट बघत होतो. ताप चढला असेल? आजार आमच्यापर्यंत यायला नको म्हणून? की कंटाळला होता आम्हा सगळ्यांना?
जिवंत असेल तर दोन थोबाडीत देईन. नसेल तर वरची ओळ खोडावी लागेल.

२५ फेब्रु. रवि.
वहिनी गॅरेजवर आली, डबा घेऊन. रिंगा बघितल्या. "आता कोणत्या टाकणार?" दोन्ही रस्ते सांगितले. मग राहवलं नाही, बाकीचंही सांगितलं.
तिने एक रिंग उचलून पाहिली. मग, "म्हणजे ते चालत गेले."
"हो."
"चालण्याइतके बरे होते."
मी या बाजूने विचारच केला नव्हता. रडेल वाटलं होतं, तर तिचा चेहरा उजळला. मला भीती वाटली त्या चेहऱ्याची.
निघताना म्हणाली, "बोअर करा. आणि आईंना यातलं काही नको. इंजिन बिघडलं होतं यावरच त्या जगतायत."

५ मार्च
नव्या रिंगा बसवल्या. त्यांच्या फटींची तोंडं एका रेषेत येऊ दिली नाहीत. संध्याकाळी इंजिन चालू झालं. आवाज स्वच्छ, दादाच्या जीपचा अजिबात नाही.

१० मार्च रवि.
नव्या रिंगा सिलिंडरला बसेपर्यंत गाडी हळू चालवावी लागते. लांबची एक फेरी मारायचीच होती. वहिनी म्हणाली, नवापूरच्या रस्त्यालाच जाऊ. आईला सांगितलं, देवीला जातोय.
वाटभर ती बाहेर बघत होती. चहाच्या टपऱ्या, ट्रकमागे उभे असलेले लोक. मीही बघत होतो. प्रत्येक पाठ त्याची वाटत होती.
जीप सापडली ती जागा मला ठाऊक होती. थांबलो. दोन्हीकडे शेतं, एक बाभूळ, बाकी काही नाही.
"बंद करा."
केली. ती खाली उतरली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "आता चालू करा."
पहिल्याच सेल्फला झाली.
"यायचं असतं तर त्यांचीही झाली असती," वहिनी म्हणाली. सकाळपासून चेहऱ्यावर जो उजेड होता तो तेव्हा गेला.
संध्याकाळी परत आलो. आई ओट्यावरच होती. "वाटमा कोठे बंद नही ना पडनी?"
मी वहिनीकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, आईजवळ जाऊन बसली. मी जीप लावायच्या निमित्ताने गल्लीच्या टोकाला गेलो. आलो तेव्हा दोघी तशाच बसलेल्या, आईचा हात वहिनीच्या हातात. वहिनीने खरं सांगितलं की इंजिनचीच गोष्ट, विचारायचं धाडस झालं नाही.