फुंकर मारलेला टाका

ता. ९, सोमवार

तीर्थस्वरूप दादा,

आधी नमस्कार घे, मग हवं तर रागाव. पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू पत्र न फोडताच ठेवून देशील, म्हणून पत्ता हिच्याकडून लिहून घेतला. इकडे सगळं ठीक. हिचा गुडघा दुखतो, तोंड मात्र ठणठणीत आहे.

वहिनीनं तुझा अ‍ॅम्प्लिफायरच्या किटचा खोका माझ्याकडे पाठवला, त्याला सात महिने झाले. आत चिठ्ठी होती, ‘ह्यांना आता नको आहे.’ दोन वर्षं तू तो आपल्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानाच्या फळीवर जपला होतास, सवड झाली की बांधायला. मी ठरवलं, आपण बांधावा आणि गाणारा अ‍ॅम्प्लिफायर तुझ्या टेबलावर आणून ठेवावा. म्हणजे फारसं बोलावं लागणार नाही.

कसलं काय! कचेरीत नकाशे काढण्यात माझा जन्म गेला, निवृत्त झाल्यावर दुकानात तुझ्या हाताखाली बसलो, पण जोडणीच्या ह्या एका नकाशानं घाम काढला. ट्रान्सफॉर्मर असा जड की टेबल कुरकुरतं. काचेचे चार व्हॉल्व्ह बसवले, सगळ्या तारा पट्टीनं आखल्यासारख्या सरळ नेल्या. हात जोडून बटण दाबलं. व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस उजळले. डोळे मिटावेसे वाटले. तेवढ्यात स्पीकर बोलला: घूंऽऽऽ.

गाणं लावलं की गाण्याखाली घूं. गाणं थांबवलं की नुसतंच घूं. व्हॉल्व्ह अदलाबदल करून पाहिले, तारा हलवून पाहिल्या. तीन आठवडे हेच. एकदा चिडून पेचकस फेकला, तो नेमका हिच्या पायाशी.

‘‘मधमाश्या पाळल्यात, तर मध तरी द्या घरात,’’ ही म्हणाली.

‘‘आवाज कुठून येतोय तेच कळत नाही.’’

‘‘मग भाऊजींना विचारा.’’

‘‘त्याला कशाला त्रास?’’

‘‘तो देऊन झालाय की तुमचा. आता विचारायला काय जातंय?’’

मी पेचकस उचलला आणि पुन्हा तारांत डोकं घातलं. ह्या घरात मला ऐकून घेण्याचा चांगलाच सराव आहे.

काल दुपारी शॉक बसू नये म्हणून एक हात खिशात ठेवून (तुझी तेवढी शिकवण पाळतो) दुसऱ्या हातातल्या लाकडी पेन्सिलीनं सोल्डरचा एकेक टाका दाबत गेलो. अर्थिंगच्या जाड पट्टीवरचा टाका दाबला आणि घूं थांबलं. पेन्सिल काढली, पुन्हा सुरू. वीज बंद केली, थोडं थांबलो आणि भिंगातून पाहिलं. टाका राखेसारखा मळकट, दाणेदार. जाड पट्टी तापायला वेळ घेते. मी घाई केली, आणि सोल्डर ओलं असतानाच नेहमीसारखी फुंकर मारली. ‘‘फुंकर मारू नकोस रे, ते काय दूध आहे?’’ असं तू मला किती वर्षं ओरडत आलास!

दादा, असाच टाका मी आधी एकदा पाहिला आहे.

दुकानाशेजारच्या शिंप्याचा रेडिओ आपण दुरुस्त करून दिला आणि आठवड्यात तो पुन्हा बिघडून परत आला, त्या दिवशी. तू तो उघडलास, भिंगातून पाहिलंस. शिंपी तुझ्या थरथरत्या हाताकडे बघत म्हणाला, ‘‘वय झालं की हात हलायचाच.’’ आणि मी, तुझा सख्खा भाऊ, त्याच्यादेखत तुझ्या हातातलं सोल्डरिंग आयर्न काढून घेतलं. म्हणालो, ‘‘दादा, तू आता बाजूला बस. हे काम तुझ्या हातचं राहिलं नाही.’’

तू चष्मा काढलास. माझ्याकडे पाहिलंस. काही न बोलता निघून गेलास आणि दुसऱ्या दिवसापासून शटर उघडलं नाही.

तो टाका माझा होता. तू जेवायला घरी गेला होतास तेव्हा मी तो मारला होता. तुझे टाके हल्ली जरा वाकडे येतात, पण चमकतात. आपल्या दुकानात मळकट टाका एकाच माणसाचा. भिंगातून तुलाही ते दिसलं होतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. तू माझी लाज राखलीस आणि मी तुझं काम घेतलं. रोज सकाळी हात जोडून देवाजवळ क्षमा मागतो. चुकीच्या पत्त्यावर मागत होतो.

आज सकाळी शिंप्याकडे जाऊन खरं सांगितलं. त्यानं कात्री खाली ठेवली नाही. ‘‘मला काय सांगता? ज्यांना सांगायचं त्यांना सांगा,’’ म्हणाला. ‘‘आणि हा रेडिओ घेऊन जा. तुम्ही दुसऱ्यांदा दुरुस्त केलात, तेव्हापासून बंदच आहे.’’

रेडिओ दुकानात तुझ्या टेबलावर ठेवला आहे. मी उघडलेला नाही. अ‍ॅम्प्लिफायरचा तो टाकाही तसाच आहे. पुन्हा तापवला तर पाच मिनिटांत होईल, माझ्या हातूनही होईल. पण मी करणार नाही. शटर शनिवारी नऊ वाजता उघडून ठेवीन. तुझा हात थरथरला तर मनगट मी धरीन. नाही म्हणालास तर नुसता उजेडाला बॅटरी धरून उभा राहीन.

फुंकर मारणार नाही.

तुझा अपराधी,
धाकटा