क्युरपिपच्या हॉलमधलं बॅडमिंटन

आई, मी बॅडमिंटन खेळायला लागले. शाळेच्या हॉलमध्ये, दर गुरुवारी कचेरी सुटल्यावर. चौतिसाव्या वर्षी पहिल्यांदा रॅकेट हातात धरली; तू जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती.

लालमती गावातल्या आपल्या स्वयंपाकघरातला एक दिवस मात्र अजून तसाच आहे. आपल्या बेटाला स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली असतील. लॉंग माउंटनहून मला बघायला पाहुणे आलेत, वर पत्रा तापलाय, आणि तू माझ्या हातात किटली देतेस. मी कपाकडे नीट बघून चहा ओतते आणि तो कपाच्या शेजारी, सासू होऊ घातलेल्या बाईंच्या मांडीवर सांडतो. ते लोक गेल्यावर तू ओरडली नाहीस. भांडी विसळताना एवढंच म्हणालीस, "पोरी, तुझ्या हाताला वळण नाही. कुणाच्या घरात खपशील तू?" पुढच्या पाहुण्यांना चहा वहिनीने दिला. कुठलंच स्थळ जमलं नाही. मला नोकरी लागली, क्युरपिपला खोली घेतली, पण कुणाकडे चहाला म्हणून मी कधी गेले नाही. कचेरीतसुद्धा डबा एकटीच खायची.

शेजारच्या टेबलावरची बाई एकदा हात धरूनच त्या हॉलवर घेऊन गेली. तिथे सात-आठ बायका, बहुतेक बेटाची क्रेओल बोली बोलणाऱ्या, सगळ्या माझ्याइतक्या नाहीतर माझ्याहून पोक्त. पहिले तीन गुरुवार माझी रॅकेट शटलला लागलीच नाही. शटल समोर दिसायचं आणि मी फिरवेपर्यंत पायाशी पडलेलं असायचं. कुणी हसलं नाही, त्यामुळे मला जास्तच लाज वाटत होती. चौथ्या गुरुवारी, आता येणार नाही, असं सांगायलाच गेले होते.

त्यांच्यात एक वयस्क नर्स होती. तिने मला बाकावर बसवलं आणि आधी एक डोळा झाकायला लावला, मग दुसरा. उजवा झाकला तेव्हा तिचा चेहरा धुक्यात गेल्यासारखा झाला. ती क्रेओलमध्ये सावकाश म्हणाली, "तुझा हात चांगला आहे. हा डोळा काम करत नाही. तुला हे कुणी सांगितलं नाही?"

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. डावा डोळा लहानपणापासून मंद, आता सुधारायचा नाही, आणि एका डोळ्याला वस्तू किती लांब आहे ते नीट कळत नाही. बसमध्ये मी रडले, आई. डोळा अधू म्हणून नाही. मी धांदरट नव्हते म्हणून.

पुढच्या गुरुवारी नर्सने सगळ्यांना सांगून टाकलं. मला कुठे तोंड लपवू असं झालं, पण त्यांची आपसात चर्चा सुरू झाली ती मला कुठे उभं करायचं याची. जाळीजवळ, असं ठरलं. शटल माझ्या आवाक्याबाहेरचं असलं की मागची बाई "लेस!" म्हणते, म्हणजे सोड. मी सोडते. खेळ झाल्यावर गरम भजी आणि चहा असतो. किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवून ओतायचं हे नर्सनेच शिकवलं. आता चहा मीच ओतते, सगळ्यांना.

मध्यंतरी तुझा फार राग आला होता. इतकी वर्षं रोज समोर होते आणि तुला दिसलं कसं नाही? मग वाटलं, पहाटे उसात जाऊन अंधार पडता घरी येणारी बाई लेकीच्या डोळ्यात कधी बघणार? राग ओसरला. पण ओसरायच्या आधी एक गोष्ट झाली, आणि त्यापायी हे पत्र मी दादालाही दाखवणार नाही. त्या वर्षी तुझ्या श्राद्धाला मी लालमतीला आले नाही. अंगात ताप आहे, असा निरोप धाडला होता. ताप नव्हता. आमचा पहिला सामना होता, आणि तो आम्ही हरलो.