न चाखता केलेला टार्ट

तंजावूर,
१२ जून १९९५

ती. सौ. अंबुजाक्का हिस,

धाकट्या भावाचा, म्हणजे वरुणचा, वाकून नमस्कार. (वाकलो की कंबर धरते, तेव्हा अर्धाच समज.) भावोजींचा खोकला आणि तुझा गुडघा कसा आहे ते कळव. इकडे आई, विनुता, शांभवी आणि मी ठीक आहोत, माझा पुढचा एक दात सोडून. त्याची हकीकत पुढे येईल. गेल्या पत्रात तू लिहिलंस की माझं मराठी वाचून तुझ्या शेजारणींना ताम्रपटाची आठवण होते. वाचून आनंद झाला. ताम्रपट निदान कोणी जपून ठेवतं. तुझी पत्रं आई दोनदा वाचते आणि मग त्यांच्या पाठीवर वाणसामानाची यादी करते.

शांभवीला पुण्याच्या केटरिंग कॉलेजात जागा मिळाल्याचं तुला ठाऊक आहेच, कारण तो अर्ज तूच धाडला होतास. (आमच्यावर इतके उपकार करू नकोस, ठेवायला घरात जागा नाही.) तिथे पहिल्याच दिवशी मुलींना अंडं उकडायला लावतात, असं आईला कोणीतरी सांगितलं. आईनं तीन दिवस फक्त ताक घेतलं आणि चौथ्या दिवशी निकाल दिला. माझ्या स्वयंपाकघरात, सोवळ्यात, अंड्याशिवाय, त्या कॉलेजातला एक पदार्थ करून दाखव. माझ्या घशाखाली उतरला तर पुण्याला जा, नाही तर इथेच बी. कॉम. कर. पोर लगेच हो म्हणाली आणि तू पाठवलेलं मासिकाचं कात्रण काढून माझ्यापुढे धरलं. वाचून दाखवायला मीच, कारण आमच्या कन्येला देवनागरी म्हणजे कागदावरून चाललेल्या मुंग्या. मथळा होता, ‘अगदी सोपा फळांचा आणि बदामाचा टार्ट’. सोपा कोणाला, ते कात्रणात कुठेही नव्हतं.

तुला पुण्यात पंचवीस वर्षं झाली, म्हणून आठवण करून देतो. आपल्या घरात नैवेद्य दाखवण्याआधी करणाऱ्याच्या जिभेला काहीही लागत नाही. मीठ अंदाजानं, गोड अंदाजानं, आणि चुकलं तर आधी देवापुढे चुकतं. आईला साठ वर्षांत हे जमलं आहे, पण तिनं साठ वर्षांत टार्ट केलेला नाही.

ओव्हन समोरच्या राजममामींचा. त्यांच्या मुलानं दुबईहून आणला, आणि तेव्हापासून त्यात लग्नपत्रिका ठेवलेल्या होत्या. आता दुबईच्या ओव्हनला सोवळ्यात कसं घ्यायचं? आईनं त्यावर कावेरीचं पाणी शिंपडलं. थोडं शिंपडून तिचं समाधान होत नाही हे तुला माहीत आहे. विनुतानं बटण दाबलं, आतून एक ठिणगी आली आणि आमच्या घरासकट डावीकडची दोन घरं अंधारली. मग ओव्हन गच्चीवर वडामांच्या पापड्यांशेजारी दिवसभर वाळत पडला. कावळे वडाम सोडून त्याच्याकडेच बघत बसले होते.

दुसऱ्या दिवशी पोर पहाटे न्हाऊन, सोवळ्याचं नेसून ओट्यापाशी उभी राहिली. मैदा, लोणी, साखर, आणि अंड्याच्या जागी घट्ट दही. कात्रणात म्हटलं होतं की पारी ताटलीत पसरून, वर कोरडे हरभरे घालून रिकामीच भाजावी, म्हणजे ती फुगत नाही, आणि ते हरभरे नंतर टाकून द्यावेत. टाकून द्यावेत, हे मी मोठ्यानं वाचलं ही माझीच चूक. आईनं त्या हरभऱ्यांचं सुंडल केलं, म्हणजे तुमच्या पुण्याची कोरडी उसळ. चार शिट्ट्या, आठ शिट्ट्या, बारा शिट्ट्या झाल्या, पण हरभरे काही नमले नाहीत. माझा दात गेला तो त्यात. (दात तुला पाठवू का? कात्रणासोबत मासिकाला परत कर.)

पारीत बदामाचं सारण आणि त्यावर आंबा-अननसाच्या फोडी. मिक्सरला कांदा लागलेला, म्हणून बदाम पाट्यावर वाटले. हे सगळं पाहून आई म्हणाली, ही पुरणपोळीच आहे, वरची पारी लावायचा कंटाळा केलाय इतकंच. पण अक्का, पोरीचा हात पाहायला हवा होतास. चार तास ती बसली नाही, चिडली नाही, सारणाचं बोट कपड्याला पुसलं पण तोंडाकडे नेलं नाही. आणि ओव्हनमधून निघाला तो टार्ट इतका देखणा होता की मी क्षणभर पुण्याचं नाव विसरलो. मग वास आला. वास पच्चकर्पूराचा, म्हणजे पायसात मोहरीएवढा घालतात त्या खायच्या कापराचा. मोहरीएवढा नव्हे. देऊळभर.

कोणीतरी सारणात कापूर टाकला होता. विनुताला संशय आईचा, आईच्या देवघरातच ती डबी असते म्हणून. आईला विनुताचा, सुनेचा संशय घ्यायची सवय म्हणून. दोघींनी एकदा माझ्याकडेही पाहिलं. मला वाईट वाटलं. मी दारात पेपर वाचत बसलो होतो, नैतिक पाठिंबा देत.  शांभवीनं पानावर तुकडा वाढला, नैवेद्य दाखवला आणि आजीपुढे ठेवला.

आई खात होती तेव्हा पंखासुद्धा मोठ्यानं फिरल्यासारखा वाटत होता. पहिल्या घासाला तिचे डोळे भरून आले (कापरानं). तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, का ते कळलं नाही, आणि शेवटच्या कणापर्यंत खाऊन टाकलं. मग पाणी प्यायली आणि म्हणाली, “सरी, ठीक आहे. पोरीला जाऊ दे.” मी न राहवून चवीचं विचारलं. “देवानं काही म्हटलं नाही. मी म्हणणारी कोण?”

तर असा तुझा अगदी सोपा टार्ट. उरलेला राजममामींकडे दिला. त्या अजून भेटल्या नाहीत. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
वरुण

ता. क. – मुख्य गोष्ट राहिलीच. विनुता मंगळवारी शांभवीला घेऊन मद्रासमार्गे निघते आहे. हॉस्टेलला तिला ठेवू नकोस. तुझ्या घरी ठेव. ती सकाळी कोणाशी बोलत नाही, त्याचा राग धरू नकोस, आणि दहीभात मागितला तर हसू नकोस. वर मी तुझी जी काही थट्टा केली आहे, ती हे मागायची लाज वाटत होती म्हणून.

ता. क. २ – कापूर मी टाकला. पोर वरवंटा धुवायला मोरीत गेली तेव्हा, हरभऱ्याएवढा. तिनं नापास व्हावं म्हणून. बी. कॉम. करील, संध्याकाळी सायकल आत घेताना जोत्यावर आपटील, मी ओरडेन, असंच चालू राहील असं वाटलं होतं. मला ती जायला नको आहे, अक्का. हे घरात कोणाला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. पत्र तिच्याच हाती देतो आहे, पाकीट न चिकटवता. तिला काय, तिच्या आईला काय, मुंग्याच दिसणार.

अंबुजा आत्यास शांभवीचा नमस्कार. हे मी गाडीत लिहिते, अक्षर हालतं. जागा मिळाली त्या दिवसापासून आजी मला रोज दुपारी देवनागरी शिकवते, तुमच्याच पत्रांवरून. बाबा तेव्हा ऑफिसात असतात. मी मोरीतून परत आले तेव्हा बाबांच्या बोटांना कापराचा वास होता आणि पेपर उलटा होता. बदाम अजून होते, दुसरं सारण करता आलं असतं. पण मग का केलं ते सांगावं लागलं असतं. म्हणून तेच भाजलं, आणि वाढताना कापूर कोणी टाकला ते आजीच्या कानात सांगितलं. मला वाचता येतं हे बाबांना कळवू नका. कळलं तर ते पुढच्या पत्रांत खरं लिहायचे नाहीत.