शेवटच्या ओळीपर्यंत

आप्पा, परवा सदलग्याला एका घरी गेले होते. तिथून आल्यापासून तुमच्याशी बोलल्याशिवाय चैन पडेना, म्हणून लिहायला बसले आहे. मी काय काम करते ते तुम्हाला ठाऊकच नाही, तेव्हा आधी ते सांगते. चष्मा लावूनही ज्यांना नीट दिसत नाही आणि ऑपरेशननेही आता काही होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, अशांच्या घरी मी जाते. जेवढी नजर शिल्लक आहे तेवढ्यात चूल, पायरी, रस्ता कसा सांभाळायचा ते शिकवते. पायरीच्या कडेला पिवळी पट्टी मारते, हातात पांढरी काठी देते आणि ती न घेण्याची शंभर कारणं ऐकून घेते. निपाणीपासून खानापूरपर्यंत हिंडते. आमच्या केंद्राचं या माणसांवर एक संशोधनही चालू आहे, त्यासाठी मुलाखती घेते. कागदावर पुष्कळ प्रश्न आहेत, त्यातला एक मी हट्टाने घालायला लावला. तुम्हाला दिसत नाही हे घरात सगळ्यात आधी कुणी खरं मानलं? आमच्या मॅडम म्हणाल्या, असल्या प्रश्नातून काय हाती लागणार. मी म्हटलं, असू दे. बरेच लोक या प्रश्नापाशी थांबतात, कसनुसं हसतात आणि म्हणतात, अजून कुणी न्हाय की.

सदलग्याच्या त्या बाईंची पन्नाशी उलटली असेल. त्यांना तुमचाच आजार. डोळ्यातला पडदा कडेकडेने मरत येतो आणि मधे नळीएवढी नजर उरते. नळीत येईल ते लख्ख दिसतं, तिच्या बाहेरचं काहीच नाही. त्यांच्या सुनेने माझ्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, "तांदळातला खडा बराबर घावतोय, आन् दारातली म्हस दिसत न्हाय म्हंत्यात. सोंग हाय सगळं." सासू तांदूळच निवडत होती. मी वर्तमानपत्राच्या दोन बारीक सुरळ्या केल्या, सुनेला डोळ्यांना लावायला सांगितल्या आणि म्हटलं, आता सोप्यातून चुलीपर्यंत जाऊन या. ती हसतच उठली. उंबऱ्याला ठेचकाळली, पुढे पाण्याच्या बादलीवर आदळली, तिथेच थांबली. मग वळून सुरळ्यांतूनच सासूकडे बघत राहिली. "आत्ती," ती म्हणाली, "एवढंच दिसतंय व्हय तुमास्नी?" सासूने सूप बाजूला ठेवलं आणि पदर तोंडाला लावला. मी प्रश्नांचा कागद पिशवीत घातला. उरलेली मुलाखत पुढच्या आठवड्यात घेईन असं सांगून मी उठले.

हाच शब्द आपल्या घरात होता. सोंग. वडगावच्या त्या घरात तुम्ही मागावर बसलात की केसाएवढा तुटलेला धागा शोधून गाठ मारायचात. गल्लीतले नवे विणकर अडले की तुम्हालाच बोलवायचे. आणि मागावरून उठलात की दारातली घागर लवंडायची, सूत गुंडाळलेल्या कांड्यांची टोपली पायाखाली यायची, बाजूने गेलेल्या पाहुण्याला साधा नमस्कार व्हायचा नाही. काका म्हणायचे, लई चढलाय. आई म्हणायची, धागा दिसतोय, घागर दिसत न्हाय, असलं कसलं हो डोळं तुमचं? आम्ही पोरं खिदळायचो. तुम्हीही हसायचात, कारण तुम्हाला तरी कुठे ठाऊक होतं. आपल्याला दिसतंय ते चारचौघांपेक्षा कमी आहे हे माणसाला कळणार कसं? दुसऱ्याचे डोळे काही उसने मिळत नाहीत.

मी बारावीला होते तेव्हा कुणीतरी सांगितलं, डोळ्यांचं सर्टिफिकेट काढा, बसचा पास मिळेल, पेन्शन मिळेल. अनगोळला एका शाळेत शिबिर होतं. मी फॉर्म भरला आणि तुमच्याबरोबर आले. भिंतीवरच्या तक्त्यावर कानडी अक्षरं होती. तुम्ही मराठी शाळेत चौथीपर्यंत गेलेले, कानडी सगळी दुकानांच्या पाट्यांवरून उचललेली. टेबलापाशी बसलेला माणूस म्हणाला, "ओदरी," वाचा. आणि तुम्ही वाचत सुटलात. पहिली ओळ, दुसरी, तिसरी, थेट खालची चिलटाएवढी अक्षरं. एक चुकलं नाही. मग माझ्याकडे मान वळवून म्हणालात, "सगळी वाचली बघ." परीक्षेत पास झालेल्या पोराचं तोंड असतं तसं तुमचं तोंड झालं होतं. लेक कॉलेजात जाते, तिच्यादेखत बाप कानडीला अडला असं होऊ नये, एवढंच तुमच्या मनात होतं. त्या तक्त्यावर नापास व्हायचं असतं हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही, कारण मलाच ते कळलं नव्हतं. त्या माणसाने कागद परत दिला आणि म्हणाला, माझ्यापेक्षा तुमचे डोळे चांगले आहेत. रांग हसली. त्याचा मला आता राग येत नाही. तक्ता समोरची नजर मोजतो, कडेची नाही, आणि त्याच्यापाशी त्या दिवशी तेवढा तक्ताच होता.

राग येतो तो माझा. शाळेच्या फाटकाबाहेर मी तुम्हाला म्हणाले, "आप्पा, सोंग पुरं करा आता. लोकात तोंड दाखवाय जागा ठेवली न्हाईसा." मी तरातरा पुढे निघाले आणि एकटीच घरी आले. तुम्ही दोन तासांनी आलात. गुडघा सोललेला, धोतराला गटाराचा चिखल. आईने विचारलं तर म्हणालात, वाटेत दोस्त भेटला, चहाला बसलो, उठताना पाय घसरला. पोरगी पुढं कशी आली म्हटल्यावर म्हणालात, "मीच म्हटलं तिला, हो पुढं." त्या दिवसानंतर डोळ्यांचं नाव तुम्ही कधी काढलं नाही. भिंतीला हात लावून चालायला लागलात. पुढे धागाही दिसेनासा झाला तेव्हा गुडघ्याचं निमित्त करून मागावरून उतरलात आणि आईशेजारी बसून चाचपत कांड्या भरू लागलात. तुमचे गुडघे शेवटपर्यंत ठणठणीत होते. छातीत कळ येऊन गेलात तेव्हासुद्धा घरातलं कुणी म्हणालं नाही की तुम्हाला दिसत नव्हतं.

तुम्ही गेल्यावर आठ महिन्यांनी मी या कामाचं शिक्षण घेत होते. शिकवणाऱ्या बाईंनी आम्हाला काळे गॉगल दिले, मधे दोन बारीक भोकं ठेवलेले, आणि व्हरांड्यातून चालायला लावलं. पार टोकाची नोटीस मी घडाघडा वाचली आणि कचऱ्याच्या डब्यावर जाऊन पडले. बाईंना वाटलं मला लागलं, म्हणून रडतेय. सुट्टीत घरी आले तेव्हा आईला सगळं समजावून सांगितलं. तिने मागाकडे बघितलं. मग म्हणाली, "आपल्याला कुठं म्हाईत हुतं गं." आणि मी मान डोलावली. त्यानंतर तुमचा विषय निघाला की ती हेच म्हणते आणि मी दर वेळी मान डोलावते. तिच्या त्या 'आपल्याला'मध्ये मी इतकी वर्षं दडून बसले आहे.

हा कागद कुठे धाडायचा नाही, आईला वाचून दाखवायचं तर माझं धाडसच होणार नाही. म्हणून तुम्हाला सांगते. त्या दिवशी अनगोळच्या वळणावर मी मागे बघितलं होतं. भर दुपारचं ऊन होतं आणि तुम्ही अंधारात चालल्यासारखा एक हात पुढे धरून उभे होतात. ओळखीचं कुणी नव्हतं, कुणाचं तुमच्याकडे लक्षही नव्हतं. कुणी बघत नसताना कोण सोंग करतं, एवढं मला तेव्हाही कळलं. मग तुम्ही भलतीकडेच तोंड करून मला नावाने हाक मारलीत, दोनदा. मी वीस पावलांवर होते, आप्पा. मी ओ दिली नाही.